भाचीचा हात नको, पितळ चालेल

मी एक जुना कोनमापक आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेला आहे. तुमच्या कंपासपेटीतल्या त्या अर्धगोल चकतीशी माझं नातं जोडू नका. ती कागदावरचे कोन मोजते, आणि रेघ चुकली तर खोडरबर असतोच. मी माणसांचे सांधे मोजतो. गुडघा किती वाकतो, खांदा किती वर जातो, घोटा किती हलतो, ते मी सांगतो. मला पितळेचे दोन लांब हात आहेत, मधे एक खिळा आणि त्याच्याभोवती बारीक रेघांची चकती. खोटं बोलायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही.

मुंबईतल्या एका कारागिराने मला घडवलं आणि मी एका मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे नुकतीच एक शाळा निघाली होती. अपघाताने किंवा आजाराने आखडलेलं अंग हातांनी आणि व्यायामाने पुन्हा चालतं कसं करायचं, ते तिथे शिकवत. फिजिओथेरपी हा शब्द तेव्हा मुंबईतसुद्धा कुणाच्या तोंडात धड बसत नव्हता. तिथेच मी इंदूच्या हाती आलो.

इंदू चांदा जिल्ह्यातल्या आरमोरीची. नागपूरला बी.एस्सी. झाली आणि त्यावर हे पुढचं शिक्षण घ्यायला आली. वडील लहानपणीच गेले, तिला वाढवलं मामांनी, भैयाजींनी. ती मुंबईला निघाली तेव्हा भावकीने केवढा तमाशा केला! "बी.एस्सी. होऊन पोरगी लोकाईचे पाय चोळनार? मालिशवाली होनार?" त्यावर भैयाजी ओट्यावर उभे राहून ओरडले होते, "माही भाची शिकून राह्यली, तुमच्या पोटात काऊन दुखते?" वसतिगृहात इंदू याची हुबेहूब नक्कल करून दाखवी आणि मैत्रिणी पोट धरून हसत.

शिक्षण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सकाळी शवावर एकेक स्नायू ओळखायचा, दुपारी रुग्णांवर हात चालवायचा, संध्याकाळी मैत्रिणींचेच गुडघे माझ्याने मोजून सराव करायचा. शिकवणाऱ्या मॅडम फार कडक होत्या. "आखडत चाललेल्या सांध्याला उद्या ये म्हणून सांगता येत नाही," त्या म्हणत, "आज हात लावा." इंदूने ते मनावर घेतलं. गोदीतले हमाल, गिरणीतले कामगार, पोलिओ झालेली मुलं, सगळ्यांचे पाय ती मांडीवर घेऊन बसे. तिला कधी किळस आली नाही, लाज वाटली नाही. मला तिचा अभिमान वाटे, आणि मला सहसा कुणाचा वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मला पिशवीत घालून घरी निघाली. वडशाला छोट्या रेल्वेगाडीतून उतरली तेव्हाच तिला बातमी कळली. बैलबंडीवर सागाची लाकडं भरताना एक ओंडका घसरून भैयाजींच्या पायावर पडला होता. हाड मोडलं, डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, आता ते काढलंही होतं. हाड छान जुळलं होतं, पण घोटा आखडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, पाय रोज हलवून घ्या, नाहीतर टाच जन्मात जमिनीला टेकणार नाही. हलवून घ्या म्हणे! अख्ख्या जिल्ह्यात ते काम येणारं होतं कोण?

इंदू होती. तिला तर आनंदच झाला. नेमकं हेच तर ती शिकून आली होती! हातपाय धुऊन ती भैयाजींच्या खाटेपाशी बसली आणि तिने त्यांच्या पायाकडे हात नेला. विंचू चावल्यासारखा त्यांनी पाय ओढून घेतला.

"अवं बाई, काय करून राह्यली? भाची हायस तू माही! तुह्या पाया मी पडाचं. तू माह्या पायाले हात लावला तं मले नरकातबी जागा नाई भेटनार!"

आणि हात लांब करून त्यांनी इंदूच्याच पायांना हात लावला. त्या मुलखात मामा भाचीच्या पाया पडतो, मित्रांनो. भाची म्हणजे देवी. तिने मामाचे पाय धरायचे नाहीत. फार गोड रीत आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी त्या गोड रितीवर माझं पितळ तापलं.

इंदूने सगळं करून पाहिलं. धोतरावरून धरते म्हणाली. नाही. डोळे मिटा म्हणाली. नाही. शेवटी तिने धुरपता मामींना शिकवलं, टाच अशी धरा, पंजा असा वर दाबा. पण भैयाजी "मेलो गं!" म्हणून ओरडले की मामी हात सोडून पदराने डोळे पुसत. "माह्याच्यानं नाई होत, बाई," त्या म्हणत.

मग इंदू म्हणाली, "मामाजी, निदान मोजू तरी द्या."

भैयाजींनी मला उलटसुलट करून पाहिलं. "ह्याचं काई नाई. पितळेले कसलं पाप?"

ऐकलंत? भाचीचा हात नको, पितळ चालेल! मामींनी पाय धरला, आणि माझा एक हात नडगीवर, दुसरा तळव्याच्या कडेला लागला. तेव्हापासून रोज मी त्या घोट्याला टेकत होतो आणि रोज तो घोटा थोडा कमी हलत होता. मला मोजता येतं, मला वाकवता येत नाही. ज्या हातांना वाकवता येत होतं, ते हात वीतभर अंतरावर पदराची गाठ पिळत बसलेले. सांगा, चिडू नको तर काय करू?

सुट्टी संपत आली तेव्हा इंदूचा तोल सुटला. "मामाजी, मले लोकाईचे पाय धराले तुम्हीच पाठवलं ना?"

"लोकाईचे धराले पाठवलं. माहे धराले नाई."

"मुंबईत ज्याईचे पाय मी मांडीवर घेतो, ते कोनाचे मामा नाईत का?"

भैयाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाय चादरीखालीच राहिला. दुसऱ्या दिवशी इंदू मुंबईला परतली.

पुढल्या उन्हाळ्यात ती परीक्षा पास होऊन आली. चांद्यापासून वैरागडपर्यंत हे शिक्षण घेतलेलं दुसरं कुणी नव्हतं. मालिशवाली म्हणणारी भावकीच आता ओट्यासमोर नटूनथटून उभी होती. भैयाजी तिला घ्यायला पुढे आले. टाच अधांतरी, पंजावर उड्या मारत. सगळ्यांदेखत भाचीच्या पाया पडायला ते वाकले, आणि घोटा वाकेना. तोल गेला आणि ते तिच्या पायांशी धाडकन पडले.

कुणीतरी हसलं. त्या माणसाचा दात मी अजून पाडला नाही, एवढीच माझी खंत.

इंदू तिथेच धुळीत बसली आणि मामांचा पाय उचलून मांडीवर घेतला. भैयाजींनी पाय ओढला नाही. "धर, बाई," ते म्हणाले, "आता मी नाई म्हनत नाई."

ती शिकली होती तसाच तिने पंजा दाबला. आधी हळू, मग सगळा जीव लावून. मग पिशवीतून मला काढून घोट्यावर ठेवलं. पुन्हा दाबलं. माझे हात होते तिथेच राहिले, एक रेघसुद्धा सरकली नाही. इंदूने मला खाली ठेवलं आणि त्या पायावर डोकं टेकून ती रडली, आणि मामा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिले, "चूक माही हाय, बाई, तुही नाई."

मित्रांनो, मला पुसून ठेवा, खिळ्यात तेल घाला, माझ्याने सुपारी फोडू नका, हे मी मागायला हवं. पण मला काही नको. तुमच्या घरात कुणाचा हात, पाय, पाठ दुखत असेल आणि शिकलेलं माणूस मदतीला दारात उभं असेल, तर ते मुलगी आहे की मुलगा, मोठं की लहान, भाची की सून, हे मोजत बसू नका. मोजायला मी आहे. तुम्ही पाय पुढे करा.