मुकादमाचं तात्पुरतं घर

भाचीचा शंखातला खेकडा आमच्याकडे आठ दिवसांसाठी आला, तो बेघर होऊनच. बहिणीच्या घराला रंग लागत होता. खेकड्याची काचेची पेटी मीच उचलून आणत होतो आणि जिन्यात ती माझ्याच हातून निसटून फुटली. खेकडा शंखात होता, त्याला काही झालं नाही. भाचीने मात्र अशा नजरेने पाहिलं, की पेटीऐवजी मीच पडलो असतो तर बरं, असं मला वाटलं.

"तरी मी म्हणत होते, याच्याकडे नको," बहीण म्हणाली.

मी गवंडी माणूस. तीस वर्षं लोकांची घरं बांधतोय, एका खेकड्याचं मला जड जाणार होतं होय? बायकोचा पांघरुणांचा प्लास्टिकचा डबा तिच्या डोळ्यांदेखत रिकामा केला, झाकणाला भोकं पाडली, वाळू चाळून, धुऊन वीतभर भरली. एक वाटी गोड्या पाण्याची, एक खाऱ्याची. वाळूवर थापी फिरवली आणि पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. खेकडा दिवसभर कोपऱ्यात बसून नुसता बघत राहायचा, म्हणून मी त्याचं नाव मुकादम ठेवलं.

पण या मुकादमाला सपाट जमीन सोसवेना. रोज सकाळी बघावं तर खड्डा, आणि खड्ड्यात हे महाशय. वाकडीतिकडी जमीन दिसली की मला घास उतरत नाही. मी त्याला उचलून बाजूला ठेवायचो, खड्डा बुजवायचो, थापी फिरवायचो आणि मगच कामावर जायचो.

चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, तो खणतोय का?"

"खणतो, पण तू काळजी करू नकोस. मी लगेच बुजवून टाकतो."

ती म्हणाली, "मामा, तो कात टाकायला खाली जातोय. जाऊ दिलं नाहीस तर मरेल तो."

त्या रात्री मुकादम खाली गेला तो गेलाच. चार दिवस वाळूचा पार उकिरडा झालेला, आणि मी हाताची घडी घालून समोर बसलेलो. एवढं अवघड काम मी जन्मात केलं नाही.

"अहो, जेवायला तरी चला," बायको म्हणायची. मला जेवण जात नव्हतं. पोरीचा खेकडा मी मारला, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

आठव्या दिवशी मायलेकी नवी पेटी घेऊन आल्या. भाचीने झाकण काढलं, वाळूला नाक लावलं आणि चांगला लांब वास घेतला.

"मेला असता तर घाण आली असती," ती म्हणाली. "जिवंत आहे. पण आता महिनाभर हलवायचं नाही."

"महिनाभर? याच्याकडे?" बहिणीने विचारलं.

"राहू दे, आई. मामाच्या चुका करून झाल्यात. आपल्या अजून व्हायच्यात."