टायगर दिवसा उठत नाही

रतनबाईच्या मते जगात नालायकांचा तुटवडा नव्हता, आणि त्यातले बरेचसे तिच्याच घरात जमा झाले होते. नवरा रंगनाथ होता, मुलगा करण होता, आणि आता त्यांच्यात हे कुत्रं येऊन बसलं होतं. लांब तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं, कारवानी जातीचं शिकारी कुत्रं. करणने त्याचं नाव टायगर ठेवलं होतं.

"टायगर म्हणे," रतनबाई नाक मुरडायची. "सशानं डोळे वटारले तर खाली बसतंय."

दिवाळी झाली की पाथर्डीकडची गावं रिकामी होतात. माणसं ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला निघतात आणि जाताना कोंबड्या, शेरडं, कुत्रीसुद्धा बरोबर नेतात. मागे उरतात ती कुलपं आणि म्हातारी माणसं. शिवारात माणूस नाही की कुत्रं नाही, हे यंदा सशांच्या चांगलंच ध्यानात आलं होतं. एरवी अंधारात चोरून येणारे ससे आता भर उन्हात बांध ओलांडून येत आणि रतनबाईच्या हरभऱ्यात निवांत जेवायला बसत. शेंडे खुडले तर हरभरा उलट जास्त फुटतो, हे तिला ठाऊक होतं. पण ससे शेंड्यावर थांबणारे नव्हते, ते पार बुडख्यापर्यंत जात.

आणि यंदा हरभरा जाऊन चालणार नव्हता. ऊसतोडीला निघताना करणने सांगून ठेवलं होतं, "आये, हरभरा नीट आला तर ठीक. न्हाईतर पुढल्या साली रान पडीक टाकू, आन तुमी दोघं केडगावला पूजाकडं ऱ्हावा."

पूजा म्हणजे तिची लेक. रतनबाई एकदा तिच्याकडे राहून आली होती. दोन खोल्या होत्या आणि दार सारखं लावलेलं. उघडलं की जावई म्हणायचा, डास येतात. चार दिवसांत तिचा जीव इतका आंबला की डासांचा हेवा वाटायला लागला. त्यांना निदान बाहेर तरी राहता येत होतं.

तेव्हा सगळी भिस्त करणने राखणीला मागे ठेवलेल्या कुत्र्यावर होती. करण आणि त्याचे दोस्त रात्री मोटारसायकलच्या उजेडात ससे धरायचे, आणि टायगर कसा बाणासारखा सुटतो, याच्या बढाया सगळ्या गावाने ऐकल्या होत्या. रतनबाईला ससा मारून नकोच होता. तो फक्त पळवून लावायचा होता. रात्री एवढं करणाऱ्याला दिवसा तेवढंही जमू नये?

पहिल्याच सकाळी ससा दिसला आणि ती ओरडली, "छूऽऽ!"

टायगर उठला. कान ताठ झाले, अंगाची तार झाली, पाय थरथरायला लागले. मग त्याने मान वळवून रतनबाईकडे पाहिलं, शेपूट आत घेतली आणि पोट जमिनीला लावून बसला. सशाने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुढचं झाड खायला घेतलं.

"मेल्या, भाकरी कशाची खातोस रं?" रतनबाईने त्याचा उद्धार केला. तो आणखी चपटा झाला.

रंगनाथने सुचवलं, "बुजगावणं करू या का?"

"करू की. उभं ऱ्हावा तुमी."

मग गहिनीनाथ आला. गावात हा कुत्र्यांचा जाणकार समजला जाई. का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. त्याने आधी चहा घेतला, मग टायगरचे दात पाहिले, शेपूट मोजल्यासारखी हातातून फिरवली आणि पुन्हा चहा घेतला. "वयनी, आठ दिसात वाघ करतो याचा," तो म्हणाला. बकऱ्याच्या जुन्या कातड्याला दोरी बांधून तो सरीतून पळत सुटला. टायगर कातड्यामागे मोठ्या हौसेने धावला. गहिनीनाथ सरीत उताणा पडला, तेव्हा त्याचं तोंडही कुत्र्याने प्रेमाने चाटलं. पण खरा ससा बांधावर आला आणि टायगर होता तिथेच पोटावर बसला. गहिनीनाथने धूळ झटकली आणि त्याला एक चप्पल हाणली.

"भित्रं हाय वयनी. मुळात रक्तातच न्हाई त्याच्या."

"तुमच्या रक्तात तरी काय हाय भावजी? माझाच चहा हाय."

त्या संध्याकाळी करणचा फोन आला. तिकडे पाचटाच्या कोपीबाहेर कुणाचं तरी गाणं मोठ्याने चालू होतं. रतनबाईने ख्यालीखुशाली बाजूला ठेवली. "तुझा वाघ दिवसा पोटावर बसतो."

करण हसला. "आगं, मीच शिकीवलंय त्याला! दिवसा सशामागं उठलं की दोन ठिवून द्यायचो. लोक बघत्यात ना. फॉरेस्टवाल्यानं बघितलं तर आमालाच आत टाकायचा. आता कायबी झालं तरी दिवसा उठायचं न्हाई ते. येकदम पक्कं केलंय."

"आन हे जाताना सांगाया तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"तू इचारलंच न्हाई."

तिने फोन ठेवला. टायगर उंबऱ्याबाहेर पुढच्या पायांवर हनुवटी टेकून तिच्याकडे पाहत होता. म्हणजे हे कुत्रं भित्रं नव्हतंच. सांगितलेलं ऐकत होतं. या घरात सांगितलेलं ऐकणारा कुणी तरी निघाला, आणि तिने त्यालाच इतके दिवस शिव्यांनी धुऊन काढलं होतं. छू म्हणतानाही तिचा आवाज करणच्याच वळणाचा होता. त्या आवाजापाठोपाठ काय पडतं, हे कुत्र्याला पाठ होतं.

आता त्याला उलटं शिकवायचं तर गोड बोलणं भाग होतं. रतनबाईला नांगर ओढ म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती त्याला दोरीने धरून हरभऱ्यात घेऊन गेली. जिथे ससे बसत तिथेच दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली. तो खाऊ लागल्यावर म्हणाली, "शाब्बास!" शब्द असा निघाला की टायगरने खाणं सोडून मान खाली घातली. तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा म्हटलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी जरा जमलं. "शाब्बास रं माझ्या वाघा."

लिंबाखालून रंगनाथने विचारलं, "मला म्हणलीस का?"

"तुमी काय केलंय शाब्बास म्हणाया?"

मग ती त्याला शेजारी घेऊन सशाच्या दिशेने चालू लागली. ससा उधळला की टायगर दोन ढांगा टाकी आणि थबकून तिच्या हाताकडे बघे. तोंडाकडे नाही, हाताकडेच. हे ध्यानात आल्यावर तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि तशीच, गुडघा दुखत असताना, ढेकळांतून चालायला लागली. "जा, माझं लेकरू. जा, ग्वाड हाय माझं." रस्त्याने जाणाऱ्या गहिनीनाथने हे ऐकलं आणि म्हातारीचं काही खरं नाही असं तो पारावर सांगत सुटला. सांगू दे. त्याला दुसरा धंदा नव्हता.

दोन ढांगांच्या चार झाल्या. मग तो बांधापर्यंत गेला. एका दुपारी तो सशाला पार पलीकडच्या पडीक रानात घालवून आला आणि परतताना तिच्यापासून थोड्या अंतरावर पोटावर सरपटायला लागला. केलेल्या गुन्ह्याची शिक्षा घ्यायला आला होता. रतनबाई खाली बसली आणि त्याला लोण्याचा गोळा लावून भाकरी दिली. मुलाला मनातल्या मनात काय काय म्हणाली, ते लिहिण्यासारखं नाही.

संक्रांतीनंतर कुणाच्या तरी दहाव्याला करण एका दिवसासाठी गावी आला. जीपमधून उतरून तो थेट रानात आला, कारण त्याला केडगावचं ठरवून टाकायचं होतं. हरभरा घाट्यांनी लगडला होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, एवढ्यात कोपऱ्यात ससा हलला आणि टायगर उठला.

"ए! बस खाली!" सवयीने करणचा हात वर गेला.

टायगर धाडकन पोटावर आला. ससा खात राहिला.

रतनबाईच्या अंगाचा भडका उडाला. पण ओरडली असती तर सगळी मेहनत मातीत जाणार होती. म्हणून तिने आवाज गुळासारखा केला आणि कुत्र्याकडे पाहत म्हणाली, "करण, माझ्या राजा, त्यो हात खाली घे, न्हाईतर मोडून ठेवीन. मुडद्या, पुन्हा त्येच्याव हात उगारलास तर भाकर बंद, बरं का सोन्या?"

करणने घाबरून हात खाली घेतला. टायगरचे कान उभे राहिले.

"जा, माझ्या वाघा."

टायगरने करणच्या हाताकडे पाहिलं. रतनबाईकडे पाहिलं. आणि सुटला. ससा बांधावरून उडाला, त्यामागे टायगर, आणि दोघांची धूळ पडीक रानात लांबवर गेली.

करण बघतच राहिला. मग जरा रुसून म्हणाला, "आये, मला कधी अशी ग्वाड बोलली न्हाईस."

"तू कधी उठलास?"

तो वाकून घाटे चाचपू लागला. चाचपता चाचपताच म्हणाला, "पूजाला काय कळवू मग?"

"कळव, आय येतीय म्हणावं, वले घाटे घिऊन. सकाळच्या जीपनं यील आन दुपारच्या जीपनं परत," रतनबाई म्हणाली, आणि त्याच्या हातावर एक चापट मारून तिने घाटे काढून घेतले. "अजून भरलं न्हाईत. सोड."