सरकीची खीर

नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. पान्हा, विटाळ, अंगाची ऊब, सगळं तिच्याच हुकमाने चालतं. बाई गरोदर राहिली की ती फुगते, जास्त रक्त मागते. न मिळालं तर मरते. बाई जगते.

सायबाच्या मुलखातल्या गिरण्यांना कापूस कमी पडला त्या साली अमरावतीच्या रस्त्याने इतक्या गाड्या गेल्या की काठच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागल्या.

वैशाखात जमुनेच्या अंगावर घोंगडी.

तिच्या भुवया बाहेरच्या टोकाकडून झडत होत्या.

शेळीचं नाव चंपी.

चंपीच्या दुधावर शकुन वाढली. शकुन जमुनेची लेक. तिच्या जन्मानंतर जमुनेला पान्हा फुटलाच नाही. सासू मैनाबाईने सरकी भिजवून वाटली, तिचं दूध गाळून खीर केली, दोन महिने पाजली. एवढ्या सरकीवर भाकड म्हैस दुभती झाली असती.

"कावून वं, दुपारची झोपून राह्यली? कापूस काय तुया बाप वेचन?" मैनाबाई ओरडे.

जमुना उठे, दोन बोंडं वेची, पुन्हा बांधावर टेके. उन्हात तिचे दात वाजत.

मैनाबाईने लेकासाठी, चंद्रभानसाठी, अकोल्याची दुसरी मुलगी पाहून ठेवली. जमुनेला अंजनगावला बापाकडे धाडायचं, शकुन इथेच ठेवायची, असं ठरलं.

तेवढ्यात मैनाबाईच्या ध्यानात आलं. शकुन सहा महिन्यांची झाली, तरी सून एकदाही बाहेर बसली नव्हती. अंगावर पाजत नाही, मग विटाळ थांबला कशानं? घरात त्याचा एकच अर्थ होता.

"चंद्रभान, अकोल्याले नाई म्हणून सांग. पोट राह्यलं इले!"

जमुनेला ठाऊक होतं. शकुन पोटात होती तेव्हा लाथा मारायची. आता आत काहीच हलत नव्हतं. पण शकुन मांडीवर होती. कुणी विचारलं की जमुना होकाराची मान हलवायची.

सासूच्या हिशेबाने सातवा लागला. ओटी भरायला बायका जमल्या, हिरवा चुडा भरला. सुईण पार्वताबाईने कौतुकाने पोटावर हात ठेवला. मग दाबला. मग काढून घेतला.

"मैनाबाई, हे त रिकामं हाय वं."

बायका तांदूळ हातात धरून उभ्याच राहिल्या.

"गासडीवर कापूस अन् आत माती!" मैनाबाई ओरडली. "बापानं हेच शिकवलं काय वं तुले?"

जमुना म्हणाली, "शकुनले नेऊ द्या मले, आत्याबाई."

"तिले दूध देल्लं कोणं? तू का चंपीनं?"



अकोल्याची सोयरीक पुन्हा ठरली. अकोल्याला लग्नाच्या गाड्या निघाल्या त्या सकाळी जमुना उठली नाही. दोन दिवस ताप होता, पाणीही पोटात ठरत नव्हतं. चंद्रभानने तिच्या हाताला हात लावला. चुडा सैल, हात गार. शकुन तिच्या पदराला धरून उभं राहायला शिकत होती.

शकुन जन्मली त्या दिवशी पार्वताबाईने जमुनेच्या रक्ताने भिजलेल्या चार गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या होत्या.