स्कूटरवाले जीजाजी

कुमुदला जाऊन सात महिने झाले. तिने आजारपणात काढलेलं तिकीट तिच्या फोनमध्ये तसंच होतं. 'रिंग रोड'च्या शेवटच्या कार्यक्रमाचं. त्यानंतर तो बँड बंद होणार होता.

"बाबा, खरंच जाताय?" देविकाने विचारलं. "तुम्ही तर त्याला धिंगाणा म्हणायचात."

"म्हणायचो."

"मग कानात कापूस घाला. आणि प्लीज, सफारी नको यार."

'रिंग रोड' दिल्लीतलाच. कॉलेजपासून कुमुदने त्यांचा एकही कार्यक्रम सोडला नव्हता. लग्नानंतर आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून मी तिला स्कूटरवर सोडायचो आणि गेटबाहेर बसायचो. सव्वीस वर्षं. एकदाही आत गेलो नाही. भिंतीपलीकडून नुसते ड्रम ऐकू यायचे. शेवटचं गाणं मी त्यावरून ओळखायचो. तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन. ते वाजले की स्कूटर चालू करून गेटाशी आणायची, म्हणजे गर्दीच्या आधी निघता येतं. कुमुद घामाने भिजलेली यायची आणि मागे बसून तेच गाणं गुणगुणायची. हेल्मेटमुळे शब्द कळायचे नाहीत. विचारलं की म्हणायची, "आत ये, मग कळेल."

ते गाणं त्यांनी कधी रेकॉर्ड केलं नाही. ते वाजताना सगळ्यांनी फोन खिशात ठेवायचे, हा चाहत्यांचा नियम. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

मेट्रोने गेलो. कुमुद नेहमी स्टेजच्या डावीकडे, कठड्याला टेकून उभी राहायची. तिथे चाळिशीतली एक बाई होती, शिवांगी. कुमुद तिच्याबद्दल बोलायची.

"आप कुमुद दी के...?"

"जी."

ती मागे वळून ओरडली, "अरे, स्कूटरवाले जीजाजी आए हैं! अंदर!"

लोक हसले, मग बाजूला सरकले. कठड्याशी एक जागा रिकामी होती. त्यांनी मला तिथे उभं केलं.

मला उभं राहवेना. घड्याळ बघ, खिसे चाचप, पाय बदल. दोन तास असेच गेले. मग वाजले. तीन ठोके. थांबले. पुन्हा तीन.

मी वळलो. लोकांना बाजूला सारत गेटापर्यंत पोचलो, हात खिशात किल्ली शोधत होता. हाताला मेट्रोचं कार्ड लागलं. स्कूटर विकून तीन वर्षं झाली होती.

"अंकल, बाहर गए तो वापस नहीं," गार्ड म्हणाला.

मागे सगळे गायला लागले होते. इथून शब्द कळत नव्हते. तसाच उलटा फिरलो. कठड्याशी पोचेपर्यंत पहिलं कडवं संपलं होतं.

"कहाँ भागे थे?" शिवांगी कानात ओरडली. "एक और बाकी है! गाओ!"

चाल मला येत होती. शब्द मी तिच्या ओठांवरून घेत गेलो, एक ओळ मागे राहून. पाय अजून गेटाकडेच ओढ घेत होते. मी कठडा धरून ठेवला.