सोललेली फोड

बशीत सोललेल्या संत्र्याच्या फोडी होत्या आणि तिघांपैकी कोणीही त्यांना हात लावत नव्हते. काटोलहून सकाळच्या बसने आलेल्या इंदुताई बोलण्याच्या भरात नको ते बोलून गेल्या होत्या. आता त्या पदराच्या टोकाशी चाळा करत मुलाकडे पाहायचे टाळत होत्या.

“तीन वर्षं?” अखेर सौरवने विचारले.

“तुझी गाठ काढली ना, त्या दिवसापासून,” इंदुताई म्हणाल्या. “मीच म्हटलं होतं गुंजनले, आवडीची एक चीज देवाच्या नावानं सोड. एवढा काहून तापून राहिला गा? संत्रंच सोडलं ना तिनं, तुले तं नाही सोडलं!”

त्यांच्या हसण्याला कोणाची साथ मिळेना, तेव्हा त्या चहा ठेवायला आत गेल्या.

सौरव बायकोकडे पाहत राहिला. सक्करदऱ्याच्या या घरात देव्हारा नव्हता. नोंदणी पद्धतीने लग्न करताना त्याने आणि गुंजनने एकमेकांना एकच वचन दिले होते: आपल्या दोघांत तिसरा कोणी नसेल. गेली तीन वर्षे आंबट सोसत नाही, असे ती म्हणे. आणि दर हिवाळ्यात काटोलच्या घरच्या बागेतले संत्रे तिच्यासाठी सोलून शेवटी तोच खाई.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर शुद्ध हरपताना त्याने फक्त तिचा चेहरा मनात धरून ठेवला होता. त्याच वेळी बंद दाराबाहेर ती दुसऱ्याच कोणाला तरी साद घालत होती. हाडामांसाच्या पुरुषाचा त्याने इतका मत्सर केला नसता. त्याच्या दाराशी जाऊन भांडता तरी आले असते.

“काय बोललीस त्याच्याशी?”

“कोणाशी?”

“माझ्या बदल्यात ज्याला संत्री दिलीस.”

“काहीच नाही बोलले. मी त्याला आजही मानत नाही.” गुंजन कसनुसे हसली. “पण चार तास रिकाम्या हातांनी बसवेना रे. तुझ्यासाठी काहीतरी द्यावंसं वाटलं, आणि घेणारा कोणी दिसत नव्हता.”

“म्हणून त्याला दिलंस.”

“तू आत होतास.”

“मानत नाहीस ना? मग खा.”

त्याने फोड उचलून तिच्या ओठांशी नेली. ती आपली की त्या देवाची, हे त्याला आत्ता, इथेच कळायला हवे होते.

गुंजनने मान मागे घेतली नाही. “खाते. उद्या तुझ्या तपासणीचा रिपोर्ट यायचा आहे. तू एवढंच म्हण, ‘खा, काही होणार नाही.’ म्हटलंस की लगेच खाते.”

साधे चार शब्द. देव नाही, हे त्याने भरल्या सभांत, लोकांच्या रोखलेल्या नजरांसमोर, आवाज न कापता सांगितले होते. आता फोड बोटभर अंतरावर थांबली. रसाचा एक थेंब त्याच्या मनगटावरून कोपराकडे उतरू लागला.

“म्हण ना,” ती हळूच म्हणाली. “तुझा तरी विश्वास आहे ना, की कोणी नाही?”

सौरवने ती फोड बशीत, होती त्याच जागी, जपून ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.