समेवरचा हात

शाळेतून निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना शिकवायचं, असं श्रीरंग सरांच्या स्वप्नातही नव्हतं. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं त्यांनी मुलांना गाणं शिकवलं, आणि मुलांशिवाय घरात बसून त्यांना आता करमत नव्हतं. अशात त्यांची जुनी विद्यार्थिनी देविका घरी आली. पाया पडली, चहा घेतला आणि म्हणाली, "सर, गुडगावात आमच्या सोसायटीत मोठ्यांसाठी गाणं ऐकायचा वर्ग काढतोय. तीन महिने तुम्ही घ्या. मग रविवारचा मुलांचा वर्ग तुमचाच. मी कमिटीत आहे ना!"

ती गेल्यावर सरांच्या पत्नी, त्याच शाळेत पहिलीच्या बाई असलेल्या कुमुदताई म्हणाल्या, "दोन बस बदलून जाणार? मुलांचं नाव काढलं की निघाले हे!"

"अगं, देविका आपली आहे."

"आपली होती तेव्हा तिला दोन वेण्या होत्या."

सर हसले आणि शनिवारी पाचच्या ठोक्याला क्लबहाऊसमध्ये हजर झाले. काचेच्या भिंती, थंडगार हवा, रुतायला होईल असे सोफे. पंधरा-सोळा माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर मोबाइल.

सरांची एक पद्धत होती. पहिले काही वर्ग कोणी गायचंच नाही, फक्त ऐकायचं. तालाचं चक्र फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, ती सम. ती आली असं वाटलं की हात वर करायचा. शाळेत मुली वेणीची लाल रिबीन सोडून डोळ्यांवर बांधत आणि हात वर करत. चुकत, खिदळत, पुन्हा करत. नऊ वर्षांची देविका मात्र कधी चुकली नव्हती.

इथे कोणीच एकटं चुकत नव्हतं. सरांनी कॅसेट लावली की सगळे हात एकदम वर जात. मात्र दोन मात्रा उशिरा. तिसऱ्या शनिवारी सरांच्या लक्षात आलं: पहिल्या सोफ्यावर विक्रांत बसत. मूळचे पुण्याचे, एका मोठ्या कंपनीतले साहेब आणि सोसायटीचे अध्यक्ष. त्यांचा हात वर गेला, की बाकीचे जात. देविकाचाही जाई.

सरांना वाटलं, बिचारे बुजतात. मुलंही पहिल्यांदा बुजतात. त्यावरचा उपाय त्यांच्यापाशी होता.

नवव्या शनिवारी ते म्हणाले, "रुमाल काढा आणि डोळ्यांवर बांधा."

"मास्टरजी, ये कोई स्कूल है क्या?" सातव्या मजल्यावरच्या बाई हसत म्हणाल्या, पण त्यांनीही ओढणी डोळ्यांवर घेतली.

कॅसेट सुरू झाली. ताल फिरला, सम आली, गेली. एकही हात वर गेला नाही. दुसऱ्यांदा विक्रांतांचा हात भलत्याच जागी वर गेला. मग कुणाचा इकडे, कुणाचा तिकडे. सर खुशीत आले. चुकायला लागले म्हणजे ऐकायला लागले!

चौथ्या समेला एकच हात अचूक वर गेला. देविकाचा. मनगट तसंच, नऊ वर्षांच्या मुलीचं. पण आजूबाजूला बांगडी वाजली नाही, सोफा करकरला नाही. देविकाने क्षणभर कानोसा घेतला आणि हात हळूच खाली घेतला.

"देविका, कर, हात वर कर!" सर ओरडलेच. "तू एकटी बरोबर आहेस! बाकीचे सगळे चुकले!"

रुमाल निघाले. विक्रांत हसले, पण ओठांनीच. "म्हणजे आम्ही सगळे ढ. असंच ना, सर?"

"छे, ढ कोणी नसतं," सर मायेने म्हणाले, तिसरीतल्या पोराला म्हणावं तसे. "शेजाऱ्याच्या पाटीवर बघायचं नाही, एवढंच."

शाळेत या वाक्यावर हमखास हशा पिकायचा. इथे कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि तो उचलायला तीन जण बाहेर गेले.

पुढच्या शनिवारी क्लबहाऊसच्या काचेवर रंगीत कागद चिकटवला होता. रविवारी सकाळी मुलांसाठी कीबोर्डचा वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्रासहित. शिकवणारी कुठलीशी अकादमी. खाली कमिटीच्या सह्या. दुसरी सही देविकाची. 'दे'चा गोल काढायला तिला पहिलीत कुमुदताईंनीच शिकवलं होतं.

देविका फुलांचा गुच्छ घेऊन दारातच उभी होती. "सर, मोठ्यांचाही वर्ग सध्या थांबवतोय. संख्या घटलीय. तुम्हाला ड्रायव्हर घरी सोडेल."

सरांनी गुच्छ घेतला नाही. पिशवीत कॅसेटी नीट लावत ते उभे राहिले.

"तुम्ही सगळ्यांसमोर तेवढं बोलायला नको होतं, सर. मला इथं राहायचंय."

"तुझा हात बरोबर होता, देविका."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "वर नेतानाच माहीत होतं."

सर पिशवी खांद्याला अडकवून मुख्य रस्त्याकडे, बसच्या थांब्याकडे चालू लागले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. सरांनी हात वर करून त्याला नको म्हटलं.