मास्तरांचं परवा

"मास्तर, मी परवा जाणार बरं का! आठ दिवस नाही मी," असं म्हणत मावशी ओला टॉवेल पिळायला वळली, तेवढ्यात पलंगावरून उत्तर आलं.

"परवा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान आडवी हलवली. एकदा नाही, तीनदा.

मावशीच्या हातातला टॉवेल पिळायचाच राहिला. पाण्याची धार बादलीत पडायच्या ऐवजी तिच्या चपलेवर पडत होती.

मास्तरांनी परवा म्हणण्यात तसं नवल काहीच नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि जाताना सगळी भाषाही घेऊन गेलं. चाळीस वर्षं मुलांना व्याकरण शिकवलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला, आणि तोही कसला, तर परवा! होऊन गेलेला परवा की येणारा परवा, हेही ज्याचं त्याने समजून घ्यायचं. डॉक्टर म्हणाले होते, असा एखादा शब्द अडकून राहतो, त्याला काही अर्थ नसतो. मावशीला ते पटलं नव्हतं. अर्थ नसता तर माणूस इतक्या तऱ्हांनी कशाला बोलला असता?

तिने त्या एका शब्दातून अख्खी भाषा शोधून काढली होती. घोगऱ्या आवाजात खाली उतरलेलं परवा म्हणजे पाणी. पाठोपाठ दोनदा म्हणजे कूस बदला. नाकातून आलं की पोटात दुखतंय. शेवटचा आ लांबवला की खिडकी लावा. आणि संध्याकाळी तिची निघायची वेळ झाली की प्रश्नासारखं येणारं परवा म्हणजे मुलगा कधी येणार? मुलगा समुद्रापलीकडे नोकरीला होता. "येणार हो, परवाच येणार," असं मावशी रोज सांगायची आणि पदराने हात पुसत घरी जायची. तो परवा काही चार वर्षांत उजाडला नव्हता.

पण आडवी मान आणि परवा? हे नवीन होतं. आणि त्याचा अर्थ लावायला फार अक्कल लागत नव्हती. परवा नाही. परवा जाऊ नकोस.

"असं काय करता, मास्तर? आठच तर दिवस," ती म्हणाली. तिने त्यांचा डावा हात पुसायला घेतला, तर त्यांनी तो झटकन सोडवून घेतला आणि तिचा हात बाजूला ढकलला.



तिला सगळं शुश्रूषागृह मावशी म्हणायचं. तिच्यापेक्षा वयाने मोठे डॉक्टरही तिला मावशीच म्हणत. वरच्या मजल्यावर तिच्यासारखीच आणखी एक मावशी होती, म्हणून ही खालची मावशी आणि ती वरची मावशी. वीस वर्षांत मावशीने धड चार दिवस सलग रजा घेतली नव्हती. मागच्या थंडीत ताप आला म्हणून तीन दिवस घरी राहिली, तर तेवढ्यात मास्तरांनी तोंड मिटलं ते उघडलंच नाही. नाकातून नळी घालून दूध द्यावं लागलं. ती परत आली तेव्हा कमरेवर रुपयाएवढी जखम झाली होती. ती भरायला दोन महिने लागले. तीन दिवसांत ही गत, तर आठ दिवसांत काय होईल? ह्या विचाराने महिनाभर तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि आता मास्तरांनीच स्वच्छ सांगितलं होतं.

घरी गेली तर ताई जमिनीवर पाय पसरून कोटांना बटणं लावत बसलेली.

ताई म्हणजे तिची सहा वर्षांनी मोठी बहीण. आयुष्यभर शिवणकाम केलेली. दोघी बहिणींनी मिळून बर्फ बघायला जायचं, हा बेत झाला त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ताईने तेव्हाच दोन जाड कोट शिवून ठेवले. मग दर वेळी कुठे ना कुठे माशी शिंकायची. एकदा आईचं दुखणं, एकदा ताईच्या मुलीचं बाळंतपण, एकदा तर स्टेशनपर्यंत जाऊन गाडी चुकली. कोट मात्र कपाटात टिकून होते. फक्त दोघींची अंगं वाढली, म्हणून ताईने ते दोनदा उसवून सैल केले होते.

"छोटे, घालून बघ. आता सैल करायला कापडच उरलं नाहीये. यंदा नाही गेलो, तर पुढच्या वर्षी नुसते कोटच जातील, आपण त्यांत नाही मावणार," ताई म्हणाली. छपन्नाव्या वर्षीसुद्धा मावशी घरात छोटीच होती.

मावशीने कोट घातला. बटणं लागली. पण ती आरशाकडे वळलीही नाही.

"काय झालं?"

"ताई, जरा पुढे ढकलूया का? महिनाभर?"

ताईने सुई कापडात खोचली. हळूच, नीट खोचली. तिला राग आला की तिचं काम जास्तच नीट व्हायचं.

"महिन्यानंतर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर थंडी नको, चढ नको, असं डॉक्टरने तुझ्यासमोर सांगितलंय. तुझ्या कानात बोळे होते का तेव्हा?"

"तसं नाही गं. मास्तर नको म्हणतात."

"मास्तर? एक शब्द बोलणारा माणूस तुला नको म्हणाला, आणि एकोणीस वर्षं मी जा, जा, जा म्हणतेय ते तुला ऐकू येत नाही?"

"ते खायचे बंद होतील, ताई. तुला नाही कळणार. त्यांचं बोलणं फक्त मला समजतं."

"मला नाहीच कळणार," ताई म्हणाली. "मी आपली साधी माणूस. मला सगळे शब्द बोलता येतात ना, म्हणून माझी कुणाला फिकीर नाही."

मग ती भिंतीला धरून उठली. उठताना तिच्या गुडघ्यांचा आवाज मावशीला स्पष्ट ऐकू आला. इकडे आड, तिकडे विहीर. मावशी कोट घालून तशीच बसून राहिली. घामाने मान भिजली, पण काढायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती रजा रद्द करायचं ठरवूनच कामावर आली. ऑफिसात साहेब अजून आले नव्हते. मास्तरांच्या खोलीत पाहते तर वरची मावशी कमरेवर हात ठेवून उभी.

"दे बाई तुझं राज्य माझ्या ताब्यात," ती म्हणाली. तिचा आवाज असा, की वरच्या मजल्यावर कुणाला गोळी दिली ते खालच्या मजल्यावर कळायचं. "कुठेय तुझी ती यादी?"

यादी होती. मावशीने आठवडाभर बसून एका कागदावर मास्तरांची सगळी परवा लिहून काढली होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर मोठं आणि गोल. चौदा ओळी.

"यादी राहू दे. मी जात नाहीये," मावशी म्हणाली.

"का?"

मावशीने काल झालेलं सांगितलं. आडवी मान, ढकललेला हात, सगळं. वरची मावशी ऐकत होती आणि मास्तरांकडे बघत होती. मास्तर उशीला टेकून बसले होते आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

"अगं बाई!" वरची मावशी म्हणाली. "परवा नाही कशाला, पर्वा नाही म्हणाले असतील ते! पर्वा नाही. काळजी करू नको, खुशाल जा. म्हणूनच तर हात ढकलला."

मावशीने दोन्ही पुटपुटून पाहिलं. परवा नाही. पर्वा नाही. तोंडाने बोलताना दोन्ही सारखंच.

"कशावरून?"

"आणि तुझं तरी कशावरून? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? तू नसलीस तर मास्तर काय हवेत विरणारेत? आण ती यादी." तिने मावशीच्या हातातला कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. "पहिलं. घोगरं परवा, पाणी. दुसरं. दोनदा परवा, कूस..."

"परवा!" मास्तर ओरडले. त्यांनी डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर दणका दिला. बोट रोखलं होतं वरच्या मावशीच्या खिशाकडे. खिशाला लाल पेन होतं. रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईने करायच्या असतात, तिथून ते तिच्याकडे राहिलेलं.

"पेन पाहिजे?"

मास्तरांनी पेन हिसकावूनच घेतलं. मावशीला आश्चर्य वाटलं. पहिल्या वर्षी व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्यांच्या हातात पेन्सिल दिली होती, तेव्हा अक्षर उमटेना म्हणून त्यांनी ती भिंतीवर फेकली होती. त्यानंतर कुणी तो विषय काढला नव्हता. पण ती पेन्सिल होती. लाल पेन कुणी दिलंच नव्हतं.

त्यांनी कागद मांडीवर घेतला. नाक कागदाला लागेल इतके वाकले आणि पहिल्या ओळीपुढे ठसठशीत खूण केली. बरोबर. दुसरी ओळ, बरोबर. तिसरी, बरोबर. दोघी मावश्या पलंगाच्या दोन बाजूंना वर्गातल्या पोरींसारख्या उभ्या.

चौथ्या ओळीवर फुली पडली. लांबवलेलं परवा, खिडकी लावा. मास्तरांनी पेन खिडकीकडे रोखलं. मावशी चटकन जाऊन ती लावायला लागली, तशी त्यांनी पुन्हा फुली मारली, आधीपेक्षा मोठी. तिने घाबरत खिडकी उघडली. सताड. बाहेरचा वारा आत आला आणि मास्तरांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

चार वर्षं! खिडकी उघड म्हणून माणूस विनवत होता आणि ही दर वेळी ती घट्ट लावत होती, वर पडदाही ओढत होती. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं बोलणं फक्त मला समजतं, असं कालच ताईला किती तोऱ्यात सांगितलं होतं!

"जाऊ दे गं," वरची मावशी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खोलीबाहेर गेला नाही.

मास्तर पुढे तपासत होते. बरोबर, बरोबर, आणखी एक फुली, बरोबर. चौदाव्या ओळीशी, मुलगा कधी येणार, तिथे पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तिथे ना बरोबर केलं ना फुली. ओळ तशीच सोडून दिली.

"आता पंधरावा प्रश्न," वरची मावशी म्हणाली. तिने कागद घेतला आणि आपल्या खरखरीत अक्षरात खाली लिहिलं. आडवी मान आणि परवा. त्याखाली, अ, परवा जाऊ नको. त्याखाली, ब, पर्वा नाही, जा. "करा बघू खूण, मास्तर. म्हणजे हिचं एकदाचं मिटेल."

कागद पुन्हा मास्तरांच्या मांडीवर गेला. अ ला खूण झाली तर ताईला काय सांगायचं? आणि ब ला झाली तर? तिला स्वतःलाच कळेना, आपल्याला कोणती हवी आहे.

मास्तरांनी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या चपलांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. महिनोन्‌महिने अंग पुसता पुसता तिने त्यांना बर्फाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. कोट, दोनदा उसवलेली शिवण, ताईचे गुडघे, सगळं. मग त्यांनी मान वळवली आणि उघड्या खिडकीकडे बघत ब पुढे खूण केली.

"बघ! सांगितलं होतं ना?" वरची मावशी टाळी वाजवून म्हणाली.

मावशी त्या खुणेवर वाकली. बाकीच्या सगळ्या खुणा मास्तरांनी कागदाला नाक लावून केल्या होत्या. ही एकच, कागदाकडे न बघता. खूण थरथरत ओळ सोडून खाली घसरली होती. खिडकीची चूक झाली असेल, पण इतकं तिला नक्की कळत होतं. चाळीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाने आज पहिल्यांदा चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण केली होती. तिच्यासाठी.

आणि ते त्यांनी इतक्या कष्टाने केलं होतं, की आता न जाणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं झालं असतं.

"परवा," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. मावशीचा हात पेल्याकडे गेला, पण वरच्या मावशीने तो आधीच उचलला होता. तिने मास्तरांच्या मानेखाली हात घातला आणि घोट घोट पाणी पाजलं. एक थेंबही सांडला नाही. मावशीने आपला हात मागे घेतला.

ती ऑफिसात गेली नाही. दिवसभर कामं उरकत राहिली. चादरी बदलल्या, नखं कापली, कमरेवर मलम लावलं, जखमेची जागा वरच्या मावशीला दाखवून ठेवली. संध्याकाळी यादी पलंगाच्या डोक्याशी भिंतीला चिकटवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"परवा?" मागून प्रश्न आला.

येणार हो, परवाच येणार, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण ती दारातच थांबली. रोज ती निघाली, की मगच हा प्रश्न यायचा. दुपारी नाही, सकाळी नाही. मुलाचा फोन यायचा तेव्हासुद्धा कधी नाही. मुलगा कधी येणार हे विचारायला ती घरी जायची वेळच कशाला हवी होती?

ती परत पलंगापाशी आली.

"मास्तर, उद्या बुधवार. उद्या पहाटेची गाडी आहे," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी सकाळी सातला मी इथे. सातला म्हणजे सातला."

मास्तरांनी मान हलवली. उभी.

मावशीने वरच्या मावशीकडून लाल पेन मागून घेतलं. भिंतीवरच्या कागदावर चौदाव्या ओळीतला मुलगा खोडला, त्यावर मावशी असं लिहिलं आणि पुढे आपल्या मोठ्या गोल अक्षरात उत्तरही लिहून ठेवलं. गुरुवारी, सात वाजता. मग खिडकी उघडीच आहे ना, ते पाहून ती निघाली.